गेम अडकतोय, जरा बघता का?

‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ असं कोणी म्हटलं की मी एकच प्रश्न विचारतो, ‘कशात स्लो?’ अठ्ठावीस वर्षं मी या धंद्यात काढली, पण या प्रश्नाला सरळ उत्तर मला एकदाही मिळालेलं नाही. ‘सगळ्यातच’, ‘आधी नव्हता हो असा’, ‘परवापासून जरा लहरी झालाय’ ही त्यातल्या त्यात सभ्य उत्तरं. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांनी मला सुनावलं होतं, “ते तुम्ही शोधायचं. आम्हांला कळलं असतं तर तुम्हांला कशाला त्रास दिला असता?” यातला ‘त्रास’ हा शब्द त्यांनी माझ्यासाठी वापरला होता की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही.

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं दुरुस्तीचं दुकान होतं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने जिन्यात थांबायचं, एवढंच. दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं. आता विश्रांतवाडीत घरी असतो आणि ओळखीतल्या लोकांकडे स्कूटरवरून जाऊन काम करून देतो. निवृत्त झालो असं मी सगळ्यांना सांगतो. फोन करणाऱ्यांचा त्यावर विश्वास नाही.

पूर्वी लोक म्हणायचे, टायपिंग करताना अडकतोय, टॅली उघडत नाही. आता दहातले सात फोन गेमचे. ‘गेम अडकतोय, जरा बघता का?’ यातलं ‘जरा’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. जरा बघायला ती काय उतू जाणाऱ्या दुधाची पातेली आहे?

बाहेरच्या माणसाला हे प्रकरण समजावं म्हणून सांगतो. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. सामान फडताळात राहतं, पण स्वयंपाक ओट्यावर होतो. आजकालचा गेम म्हणजे पन्नास माणसांच्या पुरणपोळ्या. त्याला सगळा ओटा लागतो. आणि आमच्या लोकांच्या ओट्यावर काय असतं, तर कालची न निवडलेली मेथी, चार रिकाम्या बरण्या, आणि नादुरुस्त मिक्सर. म्हणजे ब्राउझरची चाळीस पानं उघडी, भंगारात दिलेल्या प्रिंटरची वाट बघत बसलेला एक प्रोग्राम, लॉकडाउनमध्ये टाकलेली मीटिंगची तीन सॉफ्टवेअर, आणि कोपऱ्यात हवामान सांगणारा एक खिडकीएवढा चौकोन, जो खऱ्या खिडकीच्या शेजारीच असतो. हे सगळं पडद्यामागे चालू असतं. मालकाला पत्ता नसतो. गेम अडकला की मालक दुकानात जाऊन मोठी हार्ड डिस्क घेऊन येतो, म्हणजे ओटा भरला म्हणून नवीन फडताळ.

माझं काम ओटा मोकळा करणं. यातलं निम्मं कोणालाही घरबसल्या जमेल. पण काय बंद करायचं आणि काय नाही, हे कळायला त्या घराची माहिती लागते. म्हणून माझी एक रीत होती. मालकाला शेजारी खुर्चीवर बसवायचं आणि एकेका प्रोग्रामवर बोट ठेवून विचारायचं, ‘हा कोणाचा? लागतो का?’ लोक वैतागतात. तास जातो. पण माझ्या हातून कोणाची हिशेबाची फाइल गेली नाही की कोणाचा फोटो हरवला नाही, याचा मला अभिमान होता.

या रीतीने भलतंच काही बाहेर यायचं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायचे आणि उंट हलवायला मिनिट लागायचं. बघतो तर तीन अँटिव्हायरस. तिघंही एकमेकांना चोर समजून दिवसभर एकमेकांचीच झडती घेत बसलेले. मी म्हटलं, “एक ठेवू, दोन काढू.”

“पहिला भाच्याने टाकलाय. तो राहू द्या, तो आयटीत आहे.”

“बरं. दुसरा?”

“तो सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलाने. तो काढला तर पार्किंगचा विषय निघेल.”

“मग तिसरा काढतो.”

“अहो, तो जावईबापूंनी टाकलाय!” ते इतके दचकले की मी माउसवरचा हात काढला. “दिवाळसणाला येतील तेव्हा पहिल्यांदा तेच बघतील.”

शेवटी तिन्ही ठेवले. उंट अजून तिथेच असेल.

धायरीचे एक वडील त्याहून वरताण. फोनवर आवाज खाली आणून म्हणाले, “पोराचा गेम हाय ना, तो जरा हळू चालंल असं करता येईल का? बारावीचं वर्ष हाय त्याचं. त्याला कळू द्यायचं न्हाई.” मी सांगितलं, मशीन बिघडवायचं काम मी घेत नाही, नीट करायचं असेल तर येतो. ते म्हणाले, “या तर खरं.”

गेलो. मुलगा कॉलेजात होता. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं आणि हात जोडले. दसऱ्याला शस्त्रांची, यंत्रांची पूजा करायची आपल्याकडे पद्धत आहे. आमच्या घरी ती नाही, पण गल्लीत शेजारच्या दुकानांत पाहत आलोय. या घरी मुलाच्या आईने कॉम्प्युटरची पूजा अगदी मनापासून केली होती. जाळीवर हळदकुंकू, जाळीच्या आत झेंडूच्या पाकळ्या, आणि त्याही एका दसऱ्याच्या नव्हेत. पाकळ्या पंख्यात जाऊन बसलेल्या. पंखा फिरेना की मशीन तापतं, तापलं की जळू नये म्हणून ते स्वतःच आपला वेग कमी करतं. म्हणजे वडिलांना हवं होतं ते आईने तीन वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं.

मी ब्रशने सगळं साफ केलं, पंख्यात तेलाचा थेंब सोडला. वडील माझ्या तळहातावरच्या वाळलेल्या पाकळ्यांकडे बघत उभे होते. म्हणाले, “आन् हे परत आत टाकलं तर?”

मी निघून आलो. पुढे काय झालं माहीत नाही, मुलगा पास झाला असावा, कारण नंतर त्यांचा फोन आला नाही.

हे किस्से मी कुठेही रंगवून सांगतो, लोक हसतात. शोभाताईंचा मात्र मी आजवर सांगितला नव्हता, कारण त्यात चूक माझी आहे.

शोभाताई आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. यजमान गेले, एकुलता मुलगा सुमेध कॅनडात. एका गुरुवारी सकाळी त्यांचा फोन आला.

“जय भीम, भाऊ. वेळ असला तर येऊन जाता का? माझा गेम अडकतोय.”

“जय भीम. कोणाचा, ताई?”

“माझा.”

“नाही, म्हणजे खेळतं कोण?”

“मी खेळते. माझा म्हणतेय ना!”

गेलो. मला वाटलं पत्ते असतील, फार तर रंगीत गोट्या जुळवायचा खेळ. ताईंनी गेम चालू केला तर पडद्यावर बर्फाने भरलेलं ओसाड गाव आणि घराघरांतून उठून अंगावर येणारी मढी. मी त्यांच्याकडे बघितलं.

“असं काय बघता? मी मारत नाही कोणाला. बंदूक सुमेधकडे असते. माझ्याकडे औषधाची पेटी. तो पडला की मी जाऊन पट्टी बांधायची, मी पडले की त्याने येऊन उचलायचं. पेटी तिथेही मलाच दिलीय त्याने.”

“रोज खेळता?”

“रविवारी फक्त. सकाळी साडेआठला. त्याच्याकडे शनिवारची रात्र असते. तास-दीड तास असतो माझ्याबरोबर. पण हे असं मध्येच अडकतं, मी मागे राहते, तो थांबतो, मग चिडतो. आठवड्यातून एकदाच तर भेटतो, भाऊ. त्यातही हे अडकतं.”

“फोन नाही का करत?”

“करतो की. जेवलीस का, जेवलास का. दोन मिनिटांत संपतं. खेळताना बरं पडतं.”

त्यांना काय हवं होतं ते इतक्या स्पष्टपणे मला कोणी क्वचितच सांगितलं असेल. पण माझं लक्ष पंख्याच्या घरघरीकडे होतं. त्या दिवशी मला आणखी दोन घरी जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर सदुसष्ट वर्षांच्या बाईंच्या मढ्यांच्या गेमसाठी आपण खाली बसून वायरी उपसतोय, याचाही थोडा वैताग होता. ताई म्हणाल्या, चहा टाकते. मी त्यांना शेजारी बसवून विचारायला हवं होतं. त्याऐवजी म्हटलं, टाका.

त्या आत गेल्या आणि मी यादी उघडली. छपाईचा प्रोग्राम, बंद. हवामान, बंद. कधीकाळच्या कॅमेऱ्याचं काहीतरी, बंद. मग एक आला, मला चांगला ओळखीचा. गेम खेळणारी पोरं लांबून एकमेकांशी बोलायला, म्हणजे मुख्यतः एकमेकांना शिव्या घालायला, तो वापरतात. मशीन चालू झालं की तोही स्वतःहून चालू होत होता, स्वतःहून जोडला जात होता, आणि घड्याळाशेजारी एवढासा होऊन बसत होता. मेमरी मात्र पाटलासारखी अडवून. मी मनात म्हटलं, पोरगा मागे येऊन गेला तेव्हा टाकून विसरला असणार, ताईंना याचं काय काम? त्याचं आपोआप सुरू होणं बंद केलं.

एकाही प्रोग्रामबद्दल मी विचारलं नव्हतं. चहा येईपर्यंत ओटा लख्ख झाला होता.

ताईंनी गेम लावून पाहिला. बर्फ भुरभुर पडू लागलं, मढी झरझर धावू लागली. “अगं बाई, किती छान चाललंय,” त्या म्हणाल्या. मी चहा प्यायलो, दोन बिस्किटं खाल्ली आणि कॉलर ताठ करून पुढच्या घरी गेलो.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी आठ वाजता, त्यांचा फोन. “भाऊ, तो गेम काढून टाकायचाय. आत्ता याल का?”

आता चिडायची पाळी माझी होती. माणसं आधी चालू करून घेतात, मग काढून घेतात, आणि दोन्ही वेळा घाई. शिवाय रविवार. मी म्हटलं, “ताई, उद्या आलो तर?”

“आत्ता या. साडेआठ वाजले की मी तिथे जाऊन बसते. मला बसायचं नाहीये.”

आवाज वेगळा वाटला, म्हणून गेलो. तरी आंघोळ वगैरे करून पोचायला नऊ झाले. ताई कॉम्प्युटरसमोरच बसल्या होत्या, पण मशीन बंद. बाजूला हॉस्पिटलची फाइल आणि भरलेली पिशवी. गुडघा बदलायचं ऑपरेशन बुधवारी होतं. बहिणीचा मुलगा बरोबर जाणार होता.

“आणि सुमेध?”

“त्याला तारीख माहीत नाही.”

मग त्यांनी सांगितलं. मी पहिल्यांदा आलो त्याच्या आधीच्या रविवारी दोघांचं वाजलं होतं. ताई बाथरूममध्ये पडल्या होत्या, गुडघा कामातून गेला होता, आणि हे त्यांनी सुमेधला दोन महिने सांगितलं नव्हतं. त्याला ते मावसभावाकडून कळलं. तो म्हणाला, तू मला परका केलास. या म्हणाल्या, तू इथे नाहीस, तुला सांगून काय उपयोग? त्याच्या पुढच्या रविवारपासून सुमेध गप्प.

“गप्प म्हणजे येत नाही?”

“येतो ना! तेच तर. बरोबर साडेआठला येतो. मी पडले की येऊन उचलतो. मीही त्याला पट्टी बांधते. पण तोंडातून एक अक्षर नाही. फोनही येत नाही त्याचा, मीही करत नाही. तीन रविवार झाले. पहिल्या दिवशी मी हाक मारली, दोनदा मारली. ओ देत नाही. मग मीही म्हटलं, राहिलं. आई आहे मी.” त्यांनी पदराने की-बोर्डवरची धूळ पुसली, जी तिथे नव्हती. “खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं एकदा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा लावला की हा हेडफोन कानाला टोचतो. असल्या खेळापेक्षा नको. काढून टाका, जागा तरी मोकळी होईल.”

“ताई,” मी विचारलं, “तुम्ही आधी बोलायचात ते कशातून?”

“कशातून म्हणजे? हा हेडफोन लावून. गेममधूनच.”

त्या गेममध्ये बोलायची सोयच नाही. ते मला माहीत होतं.

मी मशीन चालू केलं. ते झटकन चालू झालं, आणि त्या झटकनचीच मला लाज वाटली. यादीतून तो प्रोग्राम शोधला. नशिबाने मी तो उपटून टाकला नव्हता, नुसता झोपवला होता. ताई विचारत होत्या, काय झालं, भाऊ? मी म्हटलं, “माझ्यामुळे झालं, ताई. सुमेध गप्प नव्हता. मीच तुमचा आवाज बंद करून गेलो होतो.” त्यांना ते कळलं नसावं.

प्रोग्राम उघडला. त्यात दोघांपुरती एक खोली केलेली असते, आत कोण आहे ते दिसतं. खोलीत सुमेधचं नाव होतं. नावाशेजारी वेळ होती, बेचाळीस मिनिटं. साडेआठ वाजल्यापासून तो त्या रिकाम्या खोलीत एकटा बसला होता, आणि मागचे तीन रविवारही बसला असणार. आईने रागाने आवाज बंद केलाय असं समजून. आई समजत होती, मुलाने. आणि तरी दोघं दर रविवारी येऊन, न बोलता, एकमेकांना बर्फातून उचलत होते.

हेडफोन ताईंच्या गळ्यातच होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. आधी खुर्ची करकरल्यासारखा आवाज, मग, “आई? आई, तू आलीस?”

ताईंनी हेडफोन दोन्ही हातांनी धरला. कानाला लावला नाही, नुसता धरला.

“सॉरी, आई. मी तसं बोलायला नको होतं. तू आवाजच बंद केलास तेव्हा कळलं मला, तुला किती लागलंय ते. लिहिलं होतं मी. तू वाचलंस का? सॉरी.”

हे माझ्याच्याने ऐकवेना. त्याने केलेलं नव्हतं त्याची तो माफी मागत होता. मी माइककडे वाकलो, म्हटलं सांगून टाकावं, बाबा रे, चूक तुझी नाही, आईची नाही, या बिल्डिंगच्या पुढच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या शहाण्याची आहे. ताईंनी माइकवर तळहात दाबला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “थांबा हो. जन्मात पहिल्यांदा सॉरी म्हणतोय तो. म्हणू द्या.”

मग हात काढून म्हणाल्या, “हां, बोल, राजा. ऐकतेय.”

मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खाली रस्त्यावर आळंदीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग होती. आत बोलणं चाललं होतं, मी ऐकायचं नाही असं ठरवून ऐकत होतो. गेम त्यांनी चालूच केला नव्हता. गुडघ्याचं सांगून झालं, डॉक्टरांचं नाव सांगून झालं. “बुधवारी. सकाळी आठला आत घेणार. अरे, कशाला येतोस, रजा मिळणार आहे का? नाही, मला काही होत नाही. मी स्वतः किती जणांना ऑपरेशनला नेलंय, मला काय सांगतोस,” असं सगळं त्यांच्या सिस्टरच्या आवाजात. मग मध्येच थांबल्या. बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं, परत काही बंद पडलं की काय, आणि मी आत वळलो.

बंद काही पडलं नव्हतं. ताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

“नाही रे,” त्या म्हणाल्या, “भीती वाटतेय मला. खूप वाटतेय.”

तो काय म्हणाला ते हेडफोनमध्येच राहिलं. मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.